म्हाताऱ्या कुत्र्याला संधिवात झालाय? खाणं आणि सप्लिमेंट कसं निवडायचं, पहिल्यापासून सांगते

कुत्र्याचं वय झालं, मागचे पाय धरायला लागले की सगळे पहिल्यांदा एकच विचारतात, "सांध्यासाठी कुठली गोळी चांगली?" मग कुणी मेडिकलमधून, कुणी ऑनलाइन, कुणी पेट शॉपवाल्याच्या सांगण्यावरून दोन-तीन डबे आणतं, पैसे जातात आणि कुत्रं आहे तसंच लंगडत राहतं. आमची राणी लॅब्रॉडोर आहे, आता अकरा वर्षांची, दोन्ही खुब्यांना संधिवात आहे, तिच्यासाठी हे सगळं डॉक्टरांना विचारून विचारून आणि रात्री बसून वाचून शिकले. दवाखान्यात गर्दी असते, एवढं सगळं समजावून सांगायला डॉक्टरांना वेळ मिळत नाही, त्यामुळं नव्या माणसाला सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही. म्हणून क्रमानं लिहिते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी निदान, मग वजन, मग रोजचं खाणं, मग फिश ऑइल, आणि बाकीचे सगळे डबे सगळ्यात शेवटी. झिजलेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकावर असलेली गादी) कुठल्याही खाण्यानं परत येत नाही, हे मनाशी पक्कं धरा. पण दुखणं कमी होतं, उठबस सोपी होते, कुत्रं परत शेपटी हलवत गेटपर्यंत येतं, आणि हे खरंच होतं, मी बघितलंय.

जवळ काय काय लागेल

- कुत्र्याची फाइल: जुने रिपोर्ट, लसीकरणाचं कार्ड, आत्ता चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं (गोचिडीचं औषध आणि जंताची गोळीसुद्धा)
- एक्स-रे, आणि रक्ताचा रिपोर्ट: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), किडनी, लिव्हर, आणि कुत्रं जाड असेल तर थायरॉइड
- स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल वजनकाटा, हा पाहिजेच
- एक वही
- मोबाइलमध्ये कुत्र्याचे दोन-तीन व्हिडिओ: झोपेतून उठताना, जिना चढताना, चालताना मागून आणि बाजूनं

व्हिडिओ का, तर दवाखान्यात गेलं की कुत्रं घाबरून नीट चालतं, लंगडणं दिसतच नाही, आणि डॉक्टर म्हणतात ठीक आहे की हो. घरचा व्हिडिओ दाखवला की दोन मिनिटांत विषय कळतो.

1. संधिवातच आहे का, ते आधी बघा

सकाळी उठल्यावर आखडलेलं, थोडं चाललं की मोकळं होतं, थंडीत आणि पावसाळ्यात जास्त, सोफ्यावर उडी मारायच्या आधी विचार करत उभं राहतं, एकच सांधा सारखा चाटतं, मागच्या मांड्या बारीक झाल्यात, ही संधिवाताची लक्षणं. पण म्हातारं कुत्रं लंगडतंय म्हणजे संधिवातच असं धरून चालू नका.

आपल्याकडं गोचीड ताप खूप आहे, त्यातही सांधे सुजतात, कुत्रं मलूल होतं, ताप येतो, आणि त्याला रक्त तपासून वेगळी औषधं लागतात, फिश ऑइलनं काही होणार नाही. एकदम एक पाय वर धरला, खाली टेकवतच नाही, असं असेल तर गुडघ्याचा लिगामेंट तुटलेला असू शकतो, आणि मोठ्या जातीच्या म्हाताऱ्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सरही असतो. मागचे पाय ओढत चालणं, पंजा उलटा पडणं हे मणक्याचं किंवा नसांचं दुखणं असू शकतं. म्हणून एक्स-रे काढून घ्या. स्थानिक डॉक्टरांनी मोठ्या ठिकाणी दाखवा म्हणून सांगितलं तर आमच्या कोल्हापूरहून पुण्याच्या वाटेवर शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, जाताना सगळी फाइल आणि एक्स-रे बरोबर घ्या.

रक्ताचा रिपोर्ट या टप्प्यावर का, तर पुढं खाण्यात प्रोटीन किती ठेवायचं, फिश ऑइल चालेल का, दुखण्याची गोळी देता येईल का, हे सगळं किडनी-लिव्हरवर ठरतं. आणि थायरॉइड कमी असेल तर कुत्रं कमी खाऊनही जाड होतं, तिथं खाणं कमी करत बसणं म्हणजे त्या बिचाऱ्यावर अन्याय.

2. वजन करा, आणि खरं किती पाहिजे ते ठरवा

सगळ्यात जास्त फरक इथंच पडतो म्हणून इथं जरा थांबते.

छोटं कुत्रं असेल तर त्याला उचलून घरच्या काट्यावर उभं राहा, मग तुमचं एकट्याचं वजन वजा करा. लॅब, जर्मन शेफर्ड उचलायच्या भानगडीत पडू नका, त्याचा सांधा आणि तुमची कंबर दोन्ही जाईल. दवाखान्यात मोठा काटा असतो, नाहीतर पिठाच्या गिरणीत किंवा धान्याच्या दुकानात पोत्यांचा सपाट काटा असतो, ओळखीनं तिथं उभं करता येतं. दरवेळी एकच काटा वापरा.

मग बरगड्या बघा. छातीच्या बाजूला हात ठेवायचा, दाबायचं नाही. बरगड्या सहज मोजता येत असतील आणि वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसत असेल तर वजन ठीक. दाबून शोधाव्या लागत असतील तर वजन जास्त. डॉक्टर याला 1 ते 9 असे गुण देतात, 4-5 चांगलं, त्याच्या वर प्रत्येक आकड्याला साधारण 10 टक्के वजन जास्त. म्हणजे 36 किलोच्या लॅबला 7 गुण मिळाले तर त्याचं वजन 30 किलोच्या आसपास पाहिजे. एक लक्षात ठेवा, म्हाताऱ्या कुत्र्याच्या मांड्या आणि पाठ वाळते, त्यामुळं लोक म्हणतात "बारीक झालाय ओ, खायला घाला", आणि हात लावला तर बरगड्यांवर जाड थर असतो. मांडी बारीक झालीय म्हणून जास्त खायला घालणं हा चुकीचा उपाय आहे.

वजनावर एवढा भर का? सांधेदुखीच्या जाड कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात 6 टक्क्यांच्या पुढं वजन उतरल्यावर लंगडणं स्पष्ट कमी झालं. 36 किलोच्या कुत्र्यात 6 टक्के म्हणजे सव्वादोन किलोसुद्धा नाही! अजून एक प्रयोग वाचून मी थक्क झाले. अमेरिकेत 48 लॅब्रॉडोरच्या जोड्या लावल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं, आणि हे जन्मभर. 2002 ला त्याचे निकाल आले. कमी खाणारी कुत्री साधारणपणे 13 वर्षं जगली, बाकीची 11.2, आणि संधिवाताची औषधंसुद्धा त्यांना साधारण 3 वर्षं उशिरा लागली. लॅबसारख्या खादाड जातीत जवळजवळ दोन वर्षं जास्त, आणि तीही कमी दुखण्याची. कुठल्याही डब्यावर याच्या तोडीचा दावा कुणी करू शकत नाही.

3. घरात कोण काय घालतंय ते लिहून काढा

आठवडाभर वही फ्रिजवर ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना सांगा, कुत्र्याच्या तोंडात जे जाईल ते लिहायचं. रागवायचं नाही कुणाला, फक्त लिहायचं. आजी चहाबरोबर बिस्किटं देतात, बाबा जेवताना चपातीचा तुकडा, मुलं शाळेतून आली की काहीतरी, रंकाळा तलावावर फिरायला नेलं की ओळखीचे लोक प्रेमानं भरवतात, आणि रविवारी घरात मटण असलं की हाडं. प्रत्येकाला वाटतं मी तर थोडंच दिलं.

अंदाजासाठी आकडे देते. तेल लावलेली एक चपाती साधारण 100 ते 120 कॅलरी, ग्लुकोज बिस्किट एकाला 25 च्या आसपास, शिजवलेला भात 100 ग्रॅमला 130, उकडलेलं अंडं 75. आणि दूध! आपल्या कोल्हापुरात दूध म्हणजे म्हशीचं, घट्ट, 100 मिलीला 90-100 कॅलरी धरा, वाटीभर दूध म्हणजे दीड-दोन चपात्या झाल्या. त्यात बऱ्याच मोठ्या वयाच्या कुत्र्यांना दूध पचत नाही, गॅस होतो, पातळ होतं. दूध हाडांसाठी चांगलं म्हणून संधिवातात वाढवणारे लोक मला दर महिन्याला भेटतात, कृपा करून बंद करा. संधिवात कॅल्शियम कमी पडल्यानं होत नाही.

4. दिवसाला किती खायला घालायचं, हिशोब

हा हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. कुत्र्याचं जे वजन असायला पाहिजे ते घ्या (आत्ताचं नाही), त्याला त्याच आकड्यानं दोनदा गुणा, मग वर्गमूळ दोनदा काढा, आणि येईल त्याला 70 नं गुणा.

आपला 30 किलोचा लॅब: 30 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 27,000, वर्गमूळ 164, परत वर्गमूळ 12.8, गुणिले 70, साधारण 900 कॅलरी. वजन उतरवायचं असेल तर दिवसाला एवढंच, सगळं मिळून. यातले 10 टक्के, म्हणजे 90 कॅलरी, लाडाच्या खाऊसाठी. उरलेल्या 810 मध्ये दोन वेळचं जेवण. ड्राय फूडच्या पाकिटावर 100 ग्रॅमला 350 कॅलरी लिहिलं असेल तर दिवसाला 230 ग्रॅम झालं. काट्यावर मोजायचं. वाटीनं, मगानं, अंदाजानं नाही, कारण तीच वाटी घरातलं प्रत्येक माणूस वेगळी भरतं. पाकिटावर छापलेला तक्ता बऱ्याचदा धडधाकट, हिंडत्या-फिरत्या कुत्र्यासाठी असतो, म्हाताऱ्याला तो जास्त होतो.

आठवड्याला 1 ते 2 टक्के वजन उतरलं पाहिजे, त्याहून भराभर नको, स्नायू जातात. 36 किलोत ते 360 ते 720 ग्रॅम झालं. म्हणजे 30 वर यायला दोन ते चार महिने लागतील, पाच-सहा लागले तरी काळजी करू नका. तीन आठवडे काटा हललाच नाही तर आधी वही बघा, कुणीतरी गुपचूप भरवतंय का, आणि मग डॉक्टरांना विचारून 10 टक्के कमी करा.

भूक लागली म्हणून कुत्रं मागं लागतं, ते बघवत नाही, मला माहिती आहे. दुधी, लाल भोपळा, बीन्स, गाजर उकडून, मीठ-तेल काही न घालता जेवणात मिसळा, पोट भरतं आणि कॅलरी अगदी कमी.

5. कुठलं खाणं: पाकीट की घरचं

तीन रस्ते आहेत.

पहिला, सांध्यासाठीच बनवलेलं खास खाणं. हिल्सचं जे/डी, रॉयल कॅनिनचं मोबिलिटी अशी नावं डॉक्टर सांगतात. यात ओमेगा-3 (फिश ऑइलमध्ये असते ती कामाची चरबी) भरपूर घातलेलं असतं, सगळं मापात असतं, महाग असतं. मोठ्या कुत्र्याला दर महिन्याला झेपणार असेल आणि कोल्हापुरात नियमित मिळत असेल तरच सुरू करा, मध्येच मिळालं नाही म्हणून तीन-तीनदा खाणं बदललं तर पोट बिघडतं. आणि हे चालू असेल तर वरून परत पूर्ण डोस फिश ऑइल घालू नका, दोन्हीची बेरीज डॉक्टरांना दाखवा.

दुसरा, चांगलं सीनियर किंवा वजन कमी करायचं ड्राय फूड, आणि त्याला वेगळं फिश ऑइल. आम्ही हेच करतो, बहुतेकांना परवडेल असा रस्ता हाच. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते सोडा, "जॉइंट केअर", "हिप अँड जॉइंट" हे शब्द कुणीही छापतं. मागं फिरवा. कॅलरी किती ते बघा, ती लिहिलेलीच नसेल तर ते पाकीट घेऊ नका, हिशोब कशावर करणार? मग प्रोटीन. वय झालं की प्रोटीन कमी करायचं असं अजून पुष्कळ लोक सांगतात, पण किडनी ठीक असेल तर म्हाताऱ्या कुत्र्याला उलट चांगलं प्रोटीन लागतं, नाहीतर मांड्यांचे स्नायू अजून वाळतात आणि सांध्याला आधार राहत नाही. पाणी वजा करून 25 टक्क्यांच्या वर असेल तर मी ते पाकीट विचारात घेते. पाणी वजा करून म्हणजे कसं, तर ड्राय फूडवर प्रोटीन 24 आणि ओलावा 10 लिहिला असेल तर 24 भागिले 90, म्हणजे 26.7 टक्के. ओल्या पाकिटावर प्रोटीन 8 आणि ओलावा 78 असेल तर 8 भागिले 22, म्हणजे 36 टक्के. 8 आकडा बघून आपण बाजूला ठेवतो आणि ते प्रत्यक्षात जास्त भरतं.

किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, तिथं फॉस्फरस आणि प्रोटीनचं गणित डॉक्टरच मांडतील.

सुटं मिळणारं ड्राय फूड, पोत्यातून किलोवर, ते घेऊ नका. उघड्या पोत्यात तेल खवट होतं, तारीख कळत नाही, पावसाळ्यात तर बुरशी येते.

तिसरा रस्ता घरचं जेवण. चिकन-भात-भाजी कुत्रं आवडीनं खातं, पण नुसतं चिकन-भात रोज घातलं तर कॅल्शियम, झिंक, तांबं, आयोडीन, व्हिटॅमिन डी आणि ई कमी पडतं, आणि हे सहा महिने कळत नाही. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरला अगदी पीठ करून घालतात, 900 कॅलरीच्या जेवणाला साधारण अर्धा लहान चमचा पुरतं. बाकीच्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेली व्हिटॅमिन-मिनरलची पावडर लागतेच. चिकन कातडी काढून घ्या, भात कमी, भाजी जास्त, मीठ नको. आणि घरच्या जेवणाचीसुद्धा कॅलरी मोजायची, घरचं आहे म्हणून ढीगभर चालतं असं नाही.

आता कोल्हापूरकरांसाठी खास. तांबडा-पांढरा रस्सा कुत्र्याला थेंबभरही नको. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात, शिजवल्यानं ते कमी होत नाही, आणि वरची तर्री स्वादुपिंडाला सूज आणू शकते, म्हाताऱ्या कुत्र्यात ते जिवावर बेततं. शिजलेली हाडं तुटून अणकुचीदार होतात, आतड्यात टोचतात. पाया सूप सांध्यासाठी चांगलं म्हणून खूप लोक देतात. कांदा-लसूण-मीठ न घालता नुसते पाय उकळून, गार झाल्यावर वरची चरबी काढून, हाडं काढून दोन चमचे चवीला घातलं तर चालेल, कोरडं खाणं मऊ होतं. पण त्यानं सांधा भरून येत नाही, औषध म्हणून वाटीवाटीनं देऊ नका.

6. फिश ऑइल, इथं पैसे घालायला हरकत नाही

सप्लिमेंटमध्ये ज्याच्या मागं सगळ्यात चांगला पुरावा आहे ते हे. काम करतात ते ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-3 मधले दोन घटक, सांध्यातली सूज त्यांनी कमी होते.

डब्यावर मोठ्या अक्षरात "1000 मिलिग्राम फिश ऑइल" लिहिलेलं असतं, ते बघायचं नाही. मागं बारीक अक्षरात ईपीए किती आणि डीएचए किती ते असतं. साध्या कॅप्सूलमध्ये 180 आणि 120, म्हणजे 1000 पैकी फक्त 300 कामाचं. संधिवातासाठी जो डोस अभ्यासांत सांगितलाय तो 30 किलोच्या कुत्र्याला दिवसाला ईपीए-डीएचए मिळून जवळजवळ 4000 मिलिग्रामपर्यंत जातो, 20 किलोला 2900, 10 किलोला 1700. हे वरचं टोक आहे, सुरुवात नाही. साध्या कॅप्सूलचा हिशोब केला तर 30 किलोला रोज तेरा! म्हणून लोक रोज एक कॅप्सूल देतात आणि वर्षभरानं म्हणतात काही फरक नाही पडला, पडणार कसा. जास्त तीव्रतेचं तेल किंवा कॅप्सूल घ्या आणि दुकानात भाव करताना 1000 मिलिग्राम ईपीए-डीएचए केवढ्याला पडतं हे काढा, स्वस्त दिसणारी बाटली बऱ्याचदा महाग निघते.

सुरुवात पूर्ण डोसच्या चौथाईनं, जेवणातच घालायचं, आणि तीन-चार आठवड्यांत हळूहळू वाढवायचं. संडास पातळ झाली तर एक पायरी खाली. तेलाच्या कॅलरी रोजच्या हिशोबात धरायच्या, 1 ग्रॅमला 9. फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, कधी जास्त. आधी स्वादुपिंडाची सूज झालेली असेल, रक्त पातळ करणारं औषध असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नाही.

कॉड लिव्हर ऑइल हे वेगळं तेल आहे. त्यात व्हिटॅमिन ए आणि डी खूप असतं, सांध्याच्या डोसएवढं दिलं तर विषबाधा होईल. मेडिकलवाला "तेच आहे हो" म्हणाला तरी घेऊ नका. जवसाचं तेलही या कामाला नाही, त्यातलं ओमेगा-3 कुत्र्याच्या शरीरात ईपीएत फारसं बदलत नाही. शाकाहारी घर असेल तर समुद्री शेवाळाचं तेल मिळतं, त्यात डीएचए असतं, ईपीए किती ते लेबलवर बघून घ्या.

तारली आणि बांगडा चांगले. कोकणातून मासे येतातच आपल्याकडं, आठवड्यातून दोनदा उकडून, काटे काढून, बिनमिठाचा-बिनतिखटाचा द्या, तेवढं दुसरं खाणं कमी करून. कच्चा नको, आणि सुका बांगडा, सुकट तर नकोच, मीठ असतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताजं मिळत नाही, भाव चढतो, म्हणून माशावर पूर्ण भिस्त ठेवू नका, तेल चालू ठेवा. बाटली फोडली की फ्रिजमध्ये. एप्रिल-मेच्या उन्हात ओट्यावर ठेवलेलं तेल खवट होतं, वास उग्र आला की टाकून द्या, कितीही महाग असलं तरी.

7. बाकीचे डबे

ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिन (कूर्चेत असतात तेच घटक, गोळी-पावडर करून विकतात) सगळ्यात जास्त खपतं. 2022 साली कुत्र्या-मांजरांवरचे आधीचे प्रयोग एकत्र तपासून एक मोठा आढावा आला, त्यात ओमेगा-3 चा उपयोग दिसला आणि ग्लुकोसामीन-कॉन्ड्रॉइटिनचा दुखण्यावर दिसला नाही. सहसा त्रास होत नाही, तुमचे डॉक्टर देत असतील तर भांडू नका, पण पैसे मोजके असतील तर ते फिश ऑइलला घाला असं माझं स्पष्ट मत.

हिरव्या शिंपल्यांचा अर्क, न्यूझीलंडच्या शिंपल्यांपासून करतात, याला थोडाफार आधार आहे. अनडिनेचर्ड (म्हणजे मूळ रचना न मोडलेलं) टाइप 2 कोलॅजेन, रोज 40 मिलिग्राम, यावरही कुत्र्यांत प्रयोग झालेत. माणसांचं केसा-कातडीचं कोलॅजेन पावडर हे ते नव्हे. फिश ऑइल नीट बसल्यावर यातलं एखादं दोन महिने करून बघायला हरकत नाही, फरक नाही दिसला तर बंद.

हळद घरात असतेच, चिमूटभर जेवणात पडली तर बिघडत नाही, पण कुत्र्याच्या रक्तात ती फार कमी उतरते, तिच्या भरवशावर औषध टाळू नका. शल्लकीवर (सालई झाडाचा डिंक) थोडं काम झालंय, द्यायची तर डॉक्टरांना सांगून. कॅल्शियमचं सिरप पाकिटाच्या खाण्यावर कशालाही नको.

कुठलाही डबा घेताना घटक मिलिग्राममध्ये लिहिलेत का बघा. "स्पेशल जॉइंट ब्लेंड" एवढंच लिहिलं असेल तर आत काय आहे कुणाला ठाऊक. माणसांच्या चघळायच्या गोळ्या आणि सिरपमध्ये झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीला घालतात ते) असू शकतं, ते कुत्र्याला विष आहे.

8. माणसांची दुखण्याची गोळी: नाही म्हणजे नाही

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल, घरात असेल ते लोक अर्धी तोडून देतात, दुखतंय ते बघवत नाही म्हणून, माया असते त्यामागं. पण पोटात अल्सर होऊन रक्त जातं, किडनी किंवा लिव्हर बंद पडतं. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्या देशात 2006 मध्ये बंद केलं ते गिधाडांमुळं, पण माणसांचं मेडिकलमध्ये आहेच, आणि कुत्र्यालाही ते घातक. कुत्र्यांना मेलॉक्सिकॅम देतात हे ऐकून कुणी माणसांची गोळी देतं. 30 किलोच्या कुत्र्याचा रोजचा डोस साधारण 3 मिलिग्राम आणि माणसांची मोठी गोळी 15 ची, म्हणजे पाचपट.

सांध्याला चोळायचे बाम आणि तेलंही नकोत. त्यातलं कापूर, विंटरग्रीन कुत्रं चाटून पोटात घेतं.

9. एका वेळी एकच बदल

नवीन खाणं 7 ते 10 दिवसांत आणा, आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. खाणं बसलं की फिश ऑइल. फिश ऑइल पूर्ण डोसला आल्यावर 6-8 आठवडे थांबा आणि मगच तिसरं काही. सगळं एकदम सुरू केलं तर कशानं बरं वाटलं आणि कशानं जुलाब झाले हे कधीच कळणार नाही.

वहीत आठवड्यातून एकदा चार गोष्टी लिहा: वजन, झोपेतून उठायला किती वेळ, जिना स्वतःहून चढला का, फिरताना कुठं थांबला. महिन्याला एक व्हिडिओ त्याच जागी, त्याच वेळेला. आपल्याला रोज बघून फरक कळत नाही, दोन व्हिडिओ शेजारी लावले की कळतो. खाण्याबरोबर घरातली गुळगुळीत फरशी झाका, जेवणाच्या भांड्यापाशी आणि झोपायच्या जागेपर्यंत रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी, कारण पाय घसरला की आठवड्याची मेहनत जाते. नखं कापा. रोज थोडं थोडं दोन-तीनदा चालवा, रविवारी एकदम विद्यापीठाला मोठा फेरा आणि बाकी दिवस घरात, असं नको.

10. डॉक्टरांची गोळी चालू असेल तर

दुखणं जास्त असेल तर खाण्यावर अडून बसू नका, गोळी लागते. कार्प्रोफेन, मेलॉक्सिकॅम, फिरोकॉक्सिब ही कुत्र्यांसाठीची औषधं आहेत, डॉक्टर वजनावर डोस काढतात. दुखणं कमी झालं की कुत्रं चालतं, चाललं की वजन उतरतं आणि स्नायू टिकतात, वजन उतरलं की डोस बऱ्याचदा कमी करता येतो. वजन चार-पाच किलो उतरलं की डॉक्टरांना आठवणीनं सांगा, डोस जुन्या वजनाचा राहू देऊ नका.

गोळी खाण्याबरोबर. स्टेरॉइड चालू असेल किंवा नुकतंच बंद केलं असेल तर ते आधी सांगायचं, दोन्ही एकत्र चालत नाहीत. उलटी, काळी डांबरासारखी संडास, खाणं सोडणं, पाणी एकदम जास्त पिणं, यातलं काहीही दिसलं की पुढची गोळी द्यायची नाही आणि त्याच दिवशी फोन करायचा, सोमवारची वाट बघायची नाही. गोळी सुरू करायच्या आधी एकदा रक्त तपासा, सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांनी परत, आणि मग डॉक्टर सांगतील तसं, बहुतेक सहा महिन्यांनी. जाताना वही आणि तेलाच्या बाटलीचा मागच्या लेबलचा फोटो घेऊन जा.